पोरगा गेला, आता त्याच्या भावाचा ईसीजी काढा

मा. ना. श्री. हसन मुश्रीफ साहेब,
वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,



मी कागलची. कोल्हापुरात एका दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन म्हणून नोकरी करते. आपल्याकडे लोक रस्ते, पाणी, दाखले, बदल्या घेऊन येतात, तशीच दवाखान्याची बिलंही घेऊन येतात. पेशंटला मुंबईपर्यंत नेऊन उपचार करून आणण्याची कामं आपण वर्षानुवर्षं करत आलात, हे तालुक्यात कुणालाही विचारलं तरी सांगेल. वैद्यकीय शिक्षण खातंही आपल्याकडे आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते. खुलं लिहिते, कारण ते गावागावातल्या घरांनीही वाचायला हवं.

मागणं एकच आहे. चाळिशीच्या आतला धडधाकट माणूस अचानक गेला आणि कारण नीट कळलं नाही, तर त्याच्या आईवडिलांचा, सख्ख्या भावाबहिणींचा आणि मुलांचा ईसीजी आणि टूडी इको सरकारनं आपण होऊन, फुकट काढावा. त्या घरानं अर्ज करायची वाट बघू नये.

आत्ता काय होतं ते आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आमदार म्हणून तालुक्यातल्या किती रक्षाविसर्जनाला आपण उभे राहिला असाल. सव्वीस वर्षांचा पोरगा. सकाळी जनावरांची वैरण काढली, एमआयडीसीत पाळीला निघाला आणि गाडी काढता काढता कोसळला. गावात त्या दिवशी दहा कारणं सांगितली जातात. कुणी म्हणतं अटॅक, कुणी म्हणतं कोरोनाच्या लसीनं झालं, कुणी म्हणतं जिमची पावडर खात होता, म्हातारी माणसं हळूच करणीचं नाव काढतात. बऱ्याचदा पोस्टमॉर्टेम होत नाही, कारण घरचे नको म्हणतात. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली जाते, बाराव्याला पाहुणे जेवतात आणि विषय मिटतो. त्याच घरात त्याच आईच्या पोटचा दुसरा पोरगा असतो, एक पोरगी असते. त्यांच्या छातीला कुणी हात लावत नाही.

लसीचं बोलणं अजून कट्ट्यावर चालू असतं, म्हणून ते आधी बाजूला करते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो छापला. गेलेले ७२९ जण आणि त्यांच्याशी ताडून पाहायला २,९१६ जण. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. ज्या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला, त्यांत कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागणं होतं, आदल्या दोन दिवसांतली भरमसाट दारू होती, अंगमोड मेहनत होती. आणि घरात आधी कुणीतरी असंच अचानक गेलेलं असणं होतं. या शेवटच्या गोष्टीवर गावात कुणी बोलत नाही. माझं सगळं पत्र तिच्यावरच आहे.

तरुणपणी अचानक जाणाऱ्यांत रक्ताच्या गाठीनं नळी बंद होऊन आलेला हार्ट अटॅक असतोच, आपल्या देशात तो लवकर येतो. पण काही जणांच्या नळ्या साफ असतात. बिघाड असतो तो हृदयाच्या स्नायूत, आणि तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. डॉक्टर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. एका प्रकारात डाव्या कप्प्याची भिंत विनाकारण जाड होते. जगभरच्या पाहण्यांत साधारण पाचशे माणसांमागे एकाला तो आढळतो. दुसऱ्यात उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि तंतू घेतात. तिसऱ्यात हृदय फुगून पातळ होतं. पाचशेत एक म्हणजे एका मोठ्या हायस्कुलात दोन-तीन मुलं. ती सगळी मरत नाहीत. बहुतेक जण त्रासाविना म्हातारे होतात, हेही मला इथंच ठणकावून सांगायचं आहे. पण ज्याच्या वाट्याला वाईट येतं, त्याला बऱ्याचदा सूचना मिळत नाही. पहिलं लक्षण तेच शेवटचं ठरतं.

भिंत जाड होण्याचा हा आजार ओळखला गेला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. लंडनचे डॉ. डोनाल्ड टीअर हे अपमृत्यूंची तपासणी करणारे डॉक्टर. अचानक गेलेल्या तरुण माणसांची हृदयं त्यांच्यासमोर येत. काहींच्या हृदयाची मधली भिंत एका बाजूनं विचित्र जाड झालेली त्यांना दिसली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या पेशी ओळीत असायच्या तिथं वेड्यावाकड्या गुंतलेल्या. १९५८ मध्ये त्यांनी ते छापलं. दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आजार असलेल्या एका अख्ख्या कुटुंबाची नोंद छापली. मेलेल्या माणसाचं हृदय नीट पाहिलं आणि मग जिवंतांकडे वळले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी सापडलेली ही वाट आहे. आपल्या तालुक्यात ती अजून चालायची आहे.

आता विजेचं सांगते, कारण माझं रोजचं काम तिच्याशी आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. दर ठोक्याला तिथून विजेची लहर निघते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मध्ये क्षणभर थबकते आणि मग खालच्या दोन्ही कप्प्यांत एका दमात उतरते. ती जशी पोचेल तसा स्नायू आकसतो आणि रक्त पुढं ढकललं जातं. आपल्याकडे उसाला पाणी पाजणाऱ्याला हे पटकन कळेल. सऱ्या सरळ आणि मोकळ्या असल्या की पाणी सगळीकडे सारखं पोचतं. मध्येच सरी ढासळली की पाणी अडतं, बाजूनं रेंगाळत वाट काढतं आणि वळून भिजलेल्या सरीतच परत येतं. आजारी स्नायूत पेशींच्या ओळी मोडलेल्या असतात, मध्ये मध्ये चट्टे पडलेले असतात. लहर चट्ट्यापाशी अडते, कडेनं सावकाश सरकते, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत अलीकडचा स्नायू पुन्हा आकसायला तयार झालेला असतो. मग ती मागं फिरते आणि त्या चट्ट्याभोवती गरगरत राहते. ठोके मिनिटाला दोनशेच्या पार जातात. ते आपोआप थांबलं तर माणसाला नुसती धडधड जाणवते, डोळ्यांपुढं अंधारी येते. थांबलं नाही तर खालचा कप्पा आकसायचा सोडून नुसता थरथरतो. नाडी लागत नाही. मेंदूला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त दम धरवत नाही.

साहेब, त्या दिवसाच्या कितीतरी वर्षं आधीपासून हे बऱ्याचदा कागदावर उमटत असतं. माझा सगळा जीव या एका गोष्टीत अडकला आहे.

ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद एका सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक बारीक चौकट सेकंदाचा पंचविसावा भाग. प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटा उंचवटा, मग उभा टोकदार सुळका, मग एक गोलसर उंचवटा. त्या शेवटच्याला आम्ही टी वेव्ह म्हणतो. स्नायू आकसून झाल्यावर पुन्हा तयार होतो, त्याची ती खूण. मोठ्या माणसात छातीच्या डाव्या बाजूला चिकटवलेल्या तारांमध्ये, म्हणजे लीडमध्ये, ती वर असायला हवी. भिंत जाड झालेल्या हृदयात ती बऱ्याचदा उलटी होते, कधी कधी खोल खाली जाते. सुळकेही अवाच्या सवा उंच येतात. उजव्या कप्प्याच्या आजारात चौदा वर्षांपुढच्या मुलातही व्ही-वन ते व्ही-थ्री या छातीवरच्या पहिल्या तीन लीडमधल्या टी वेव्ह बऱ्याचदा उलट्याच राहतात, आणि काहींमध्ये सुळक्याच्या लगेच मागं एक इवलीशी खाच दिसते. तिला एप्सिलॉन वेव्ह म्हणतात. मशीनचा फिल्टर जोरात लावलेला असला तर ती खाच पुसून जाते. छातीचे पहिले दोन लीड चौथ्या आणि पाचव्या फासळीच्या मधल्या जागेत, छातीच्या हाडाच्या दोन बाजूंना लागले पाहिजेत. घाईत किंवा संकोचानं ते वर चिकटवले की निरोगी माणसाचा कागदही वेडावाकडा येतो. बायामाणसांच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून कागद काढणारा माणूस शिकलेला हवा आणि पडदा धड असायला हवा. हे शिक्षण देणं आपल्याच खात्याचं काम आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आई धाकट्या पोराला घेऊन आली होती. थोरला वर्षापूर्वी रानात वैरण तोडताना गेला. तिनं बाजारच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाइल काढली. थोरल्याला त्याआधी पळताना चक्कर येऊन पडल्यावर कुठंतरी दाखवलं होतं, तेव्हाचा ईसीजी त्यात होता. फाइलवर 'फिट' लिहिलेलं आणि गोळ्या फिटच्याच चालू केलेल्या. मी धाकट्याचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. व्ही-फोर, व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्स. दोघांच्याही टी वेव्ह सारख्याच खोल खाली गेलेल्या. निदान करणं माझं काम नव्हे. मी कागद घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. धाकट्याला आता गोळ्या चालू आहेत, दर काही महिन्यांनी तो तपासायला येतो. तिला माझ्याकडे पाठवणारा तिचा चुलतभाऊ मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, त्याला कुठंतरी वाचून शंका आली होती. म्हणजे त्या पोराचं नशीब एका चुलतमामाच्या वाचनावर टांगलं होतं. असं असू नये, म्हणून हे पत्र.

'फिट' हा शब्द आपल्या भागात फार माणसं घेऊन जातो. फिटच्या झटक्यात हातपाय ताठरतात, तसे ते हृदयाची गती बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं तरी ताठरू शकतात. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. धावताना, पोहताना, कुस्ती करताना, जोर मारताना कुणी बेशुद्ध पडलं, तर कांदा हुंगवण्याआधी आणि फिटच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक ईसीजी निघालाच पाहिजे. दुसरी फसगत अँजिओग्राफीची. तीस वर्षांच्या माणसाची टी वेव्ह उलटी दिसली की लगेच नळ्या तपासतात. नळ्या मोकळ्या निघाल्या की घरचे पेढे वाटतात, 'हार्ट नॉर्मल आहे' म्हणून. नळ्या नॉर्मल आहेत. स्नायूबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. मग ती टी वेव्ह उलटी का, हा प्रश्न फाइलमध्ये तसाच मिटून राहतो.

आता तालमीचं. मी कोल्हापूरची, त्यामुळे लाल मातीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. खासबाग मैदान उभारणारे राजर्षी शाहू महाराज आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले. आज गंगावेश, न्यू मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत महाराष्ट्रभरातून पोरं येऊन राहतात, मुरगूडच्या पोरी मॅटवर खेळतात, पेठापेठांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियम भरवतात. अंगमेहनतीनं हा आजार होत नाही. पण आजार आधीच असेल तर मेहनतीच्या टोकावर गती बिघडण्याचा धोका वाढतो. उजव्या कप्प्याच्या प्रकारात तर वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं आजारच पुढं सरकतो. कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांना मार्क-व्हिव्हियन फो आठवत असेल. कॅमेरूनचा मधल्या फळीतला खेळाडू, वय २८. २६ जून २००३ ला फ्रान्सच्या लियाँमध्ये कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मैदानाच्या मधोमध एकटाच कोसळला, आसपास कुणीही नसताना. शवविच्छेदनात भिंत जाड झालेलं हृदय निघालं.

मग सगळ्या पैलवानांचे ईसीजी शिबिरात काढून टाकावेत का? अनेक जण हेच सुचवतील, बॅनरही लागतील. इटलीनं १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजी सक्तीचा केला. तिथल्या व्हेनेटो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला एक लाखामागे ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आले. पण इस्रायलनं तसाच कायदा केल्यावर तिथं असा फरक दिसला नाही. आणि एक गोष्ट मी रोज बघते: कसलेल्या पैलवानाचा कागद मुळातच वेगळा असतो. ठोके पन्नासच्या खाली, सुळके उंच. हे मेहनतीचं हृदय आहे, आजाराचं नव्हे. ते वेगळं ओळखायला सरावलेला डोळा लागतो, त्यासाठी जागतिक पातळीवर ठरवलेले निकष आहेत. तो डोळा नसताना हजार कागद काढले, तर निरोगी पोरांचे लंगोट आपण खुंटीला टांगू आणि ज्याला धोका आहे तो कागदांच्या गठ्ठ्यात हरवेल. तालमींची तपासणी व्हावी, पण सावकाश, माणसं शिकवून. सुरुवात मृत्यू झालेल्या घरापासून करावी. तिथं शोधायला गेलो तर सापडण्याची शक्यता कितीतरी पट जास्त.

का, ते हिशेबानं सांगते. या आजाराचे बहुतेक प्रकार असे की आईबापांपैकी एकाकडे सदोष जनुक असलं तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. आपल्या भागात त्यात आणखी एक गोष्ट मिळते. मामाची पोरगी करायची रीत इथं जुनी आहे. काही दोष असे असतात की ते आईबाप दोघांकडून एकदम आले तरच आजार दिसतो, किंवा फार लवकर आणि फार जोरात दिसतो. ग्रीसच्या नाक्सोस बेटावर अशी कुटुंबं सापडली. त्या मुलांचे केस लोकरीसारखे कुरळे, तळहात-तळपाय जाड झालेले, आणि वयात येता येता उजव्या कप्प्याचा आजार. १९८६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ते लिहून काढलं. कातडी बघून हृदयाकडे वळायचं, हे त्या बेटानं जगाला शिकवलं. आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही ते माहीत असावं.

हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संस्थेतले डॉ. थंगराज आणि देशोदेशीच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचं प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के आहे, आणि अशा माणसांत पुढं हृदय कमजोर होण्याचा धोका जास्त दिसतो. हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. २०१८ मधल्या संशोधनात असं दिसलं की हा तुकडा गळालेल्यांपैकी साधारण दहात एकाकडे त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, आणि आजाराशी नातं मुख्यतः त्या दुसऱ्या बदलाचं असावं. म्हणजे सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही. पण आपल्या माणसांची रक्तं आपल्याच देशात तपासली गेली पाहिजेत, युरोपच्या यादीवर आपलं भागणार नाही, एवढं यातून नक्की कळतं.

हे सगळं ठरवून केलं तरी खरी अडचण दारात उभी असते, आणि ती यंत्राची नाही. 'तुमच्या पोराला जे झालं ते दुसऱ्यालाही असू शकतं' हे त्या आईला सांगायचं कुणी आणि केव्हा? रक्षाविसर्जनाच्या गर्दीत ते सांगता येत नाही. बाराव्यानंतर, घर रिकामं झाल्यावर, जिच्या हातचा चहा त्या घरानं आधी घेतला आहे अशा बाईनं ते सांगावं लागेल. अशी बाई प्रत्येक गावात आहे, ती आशाताई. तिला कुणाची सासू कुणाची आत्या हे तोंडपाठ असतं. घराण्याचा वंशवेल कुठल्याही कॉम्प्युटरपेक्षा ती लवकर काढून देईल. त्या घरात आधी कोण पाण्यात बुडून गेलं, कोण झोपेत गेलं, कुणाला 'फिट' यायची, हे तिला विचारा. पट्टीचा पोहणारा विहिरीत बुडतो तेव्हा ते बुडणं नसूही शकतं.

मग दुसरी अडचण येते. पोरीचं लग्न ठरायचं असतं. 'ईसीजी काढला आणि काही निघालं, तर सोयरिक मोडेल.' हे मला बायकांनी तोंडावर सांगितलं आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. ज्या समाजात चष्मा लपवून मुलगी दाखवतात, तिथं हृदयाचा कागद कोण दाखवील? म्हणून ही तपासणी गावच्या चौकात मांडव घालून होता कामा नये. नावं फलकावर नकोत, फोटो नकोत, व्हॉट्सॲपवर याद्या नकोत. अशा पोरीला लग्न करता येतं, बहुतेकींना लेकरंही होतात, फक्त बाळंतपण हृदयाच्या डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावं लागतं. ते तिच्या आईला शांतपणे सांगणारं माणूस पगारावर नेमायला हवं. जनुकांबद्दल समजावून सांगणाऱ्या समुपदेशकाचं पद आपल्या मेडिकल कॉलेजात निर्माण झालं, तर कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीच्या मराठी घरांनाही त्याचा आधार होईल.

आता खात्यांचं बोलते. ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सीपीआर रुग्णालय आपल्याकडे. शाळेत जाऊन मुलं तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं पुन्हा आरोग्य विभागाकडे. ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात, आणि हा आजार नेमका वयात येताना उमटायला लागतो. पोस्टमॉर्टेम एका खात्यात, हृदयाचा डॉक्टर दुसऱ्या खात्यात, आणि मेलेल्याचा भाऊ कुठल्याच खात्यात नाही. आपण मंत्रिमंडळात बसता, म्हणून या दोन टेबलांच्या मधली जागा आपण भरून काढू शकता.

तरुण माणसाचं पोस्टमॉर्टेम होईल तेव्हा हृदयाचं वजन आणि भिंतींची जाडी लिहिली जावी, दोन्ही खालच्या कप्प्यांचे तुकडे मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीला जावेत. डोळ्यांना हृदय साफ दिसलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते नसू शकतं. थोडं रक्त जपून ठेवावं, म्हणजे पुढं जनुकं तपासता येतील. अहवालाच्या शेवटी एक ओळ छापलेली असावी: सख्ख्या नातलगांचा ईसीजी व इको करणे. त्या ओळीची प्रत आशाताईकडे जावी आणि सीपीआरमध्ये आठवड्यातून एक दिवस फक्त अशा घरांसाठी ओपीडी असावी. जी घरं पोस्टमॉर्टेमला नाहीच म्हणतात, त्यांनाही हे दार उघडं असावं. तिथं आलेल्याचा ईसीजी नॉर्मल आला तरी त्याला 'जा, काही नाही' म्हणून सोडू नये. भिंत जाड होणाऱ्या आजारातही काही जणांचा ईसीजी साफ असतो, आणि आज साफ असलेला पोरगा पाच वर्षांनी तसाच असेल असं नाही. वाढत्या मुलांना एक-दोन वर्षांनी, मोठ्यांना तीन-पाच वर्षांनी परत बोलवायचं असतं. कुणीतरी त्या तारखा सांभाळायला हव्यात.

आणि सापडल्यावर काय? हा प्रश्न लोक मला विचारतात तो या भीतीनं, की कळून तरी उपयोग काय. उपयोग आहे. साध्या, स्वस्त गोळ्यांनी बऱ्याच जणांचा त्रास आटोक्यात राहतो. काही व्यायाम बदलावे लागतात, कुणाला आखाडा सोडावा लागतो, कुणाला लागत नाही. ते डॉक्टरांशी बसून ठरवायचं. ज्यांना खरा धोका आहे त्यांच्या छातीत कातडीखाली आयसीडी नावाचं यंत्र बसवतात. ते दर ठोक्यावर नजर ठेवतं आणि जीवघेणी गती सुरू झाली की आतूनच शॉक देतं. डॉ. मिशेल मिरोवस्की यांनी चिकाटीनं ते घडवलं आणि १९८० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ते पहिल्यांदा माणसात बसलं. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात पडला. जागच्या जागी छातीवर दाब आणि शॉक मिळाला, तो वाचला, आयसीडी बसवून पुढच्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. आपल्याकडे या यंत्राला काही लाख लागतात. उसाचं बिल आल्यावर मुलाची फी भरणाऱ्या घराला ते झेपत नाही. ज्या घरात एक गेला आहे, त्या घराला दुसऱ्यासाठी वर्गणी मागायला लावू नका, साहेब.

शॉक देणारी साधी यंत्रंही हवीत. एसटी स्टँड, साखर कारखाने, पंचतारांकित एमआयडीसी, खासबाग, शाहू स्टेडियम, मोठ्या तालमी, आणि गैबीच्या उरुसात गर्दी जमते तिथंही. शॉकाविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अँब्युलन्स कितीही जोरात आली तरी दहा मिनिटं जातात. तोवर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देणारे हात गावात असावेत. दहावीच्या वर्गात हे अर्ध्या तासात शिकवून होतं.

पण यंत्रं लावायचं काम सोपं आहे, त्याचं उद्घाटन होतं. मृत्यू झालेल्या घरात परत जायचं काम अवघड आहे, म्हणून पत्रात त्यालाच जास्त जागा दिली.

कागल तालुक्यापासून सुरुवात करा. एका वर्षाची मुदत ठेवा. किती तरुण अचानक गेले, त्यातल्या किती घरांत तपासणी झाली, किती जणांमध्ये काय निघालं, हे नावं न घेता दर तीन महिन्यांनी जाहीर करा. ईसीजी काढायला माणूस नाही ही अडचण कुणी सांगितली, तर माझ्या सुट्टीच्या दिवशी कागलच्या ग्रामीण रुग्णालयात बसून मी ते काम करीन. दोन-तीन पोरींना लीड कुठं लावायचे ते शिकवीनही. टेबल, पडदा आणि चालू मशीन एवढं मिळावं.

कळावे, उत्तराची वाट पाहते.

आपल्या मतदारसंघातील
एक ईसीजी टेक्निशियन, कागल